ब्लॅक मेटलच्या जुन्या कॉम्पिलेशन एलपी: ओळखायच्या कशा, गावापर्यंत आणायच्या कशा, मे महिन्यातून वाचवायच्या कशा

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून हा प्रश्न आला आहे. विचारणाऱ्याला ब्लॅक मेटलच्या (हेवी मेटलचा एक अंधारा, कच्च्या आवाजाचा प्रकार) जुन्या, दुर्मिळ कॉम्पिलेशन रेकॉर्डी, म्हणजे निरनिराळ्या बँडांची किंवा विखुरलेली गाणी एकत्र केलेल्या एलपी, विनाइलवर जमवायच्या आहेत. महिन्याला तीन हजारांच्या आसपास बाजूला निघतात, प्लेयर नुकताच घेतलाय. कोणत्या रेकॉर्डीच्या मागे लागायचं, नकली माल कसा ओळखायचा, पार्सल गावात धड पोचेल का, आणि इथल्या उन्हाळ्यात रेकॉर्डी टिकतील का, असे चार प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं वेळापत्रक त्यावरच ठरतं. परदेशातून रेकॉर्ड मागवायची ती पोळा उलटल्यावर, आणि हंगामातली शेवटची ऑर्डर जानेवारी संपायच्या आत. युरोपातून साध्या रजिस्टर्ड टपालाने निघालेलं पार्सल तालुक्याला लागायला तीन ते पाच आठवडे सहज जातात, कस्टमला थांबलं तर आणखी. पोळ्यानंतर मागवलेली एलपी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते, तोवर पाऊस ओसरलेला असतो. फेब्रुवारीच्या शेवटी मागवलेली एप्रिलात येते, आणि तिथे खेळ संपतो. एलपीचं प्लास्टिक म्हणजे मुख्यतः पीव्हीसी आणि त्यात थोडं व्हिनाइल अ‍ॅसिटेट. ५५-६० अंशांच्या आसपास ते नरमायला लागतं. आपल्याकडचे ४५ अंश हे सावलीतले. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत आणि टिनाच्या शेडखाली रचलेल्या थप्पीत पारा ६० च्या पुढे जातो. वर दुसऱ्या पार्सलांचं वजन असलं की रेकॉर्ड बशीसारखी होऊनच हातात येते. पॅकिंग कितीही चांगलं असलं तरी त्याला उष्णता थांबवता येत नाही. तेव्हा फेब्रुवारी ते ऑगस्ट हा काळ यादी करायचा, भाव बघायचा आणि पैसे साठवायचा.

आता काय घ्यायचं. 'दुर्मिळ' हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडी फार स्वस्त असतो. कॉम्पिलेशनच्या बाबतीत स्वतःला एकच विचारा: या रेकॉर्डीवर असं कोणतं गाणं किंवा गाण्याची कोणती आवृत्ती आहे, जी त्या वेळी दुसरीकडे कुठेच नव्हती? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर ती रेकॉर्ड मिळायला कठीण असेल, पण जमवण्यासारखी असेलच असं नाही.

'स्कॅन्डिनेव्हियन मेटल अटॅक' घ्या. स्वीडनच्या टायफॉन लेबलने १९८४ मध्ये काढली. बाकी बँड साध्या हेवी मेटलचे, पण त्यांच्यात ब्लॅक मेटलच्या सुरुवातीच्या बँडांपैकी बाथरीची दोन गाणी आहेत आणि बाथरी रेकॉर्डवर पहिल्यांदा आली ती इथे. 'सॅक्रिफाइस' पुढे त्याच वर्षीच्या पहिल्या अल्बमवर पुन्हा ध्वनिमुद्रित झालं. दुसरं गाणं १९८५ च्या 'द रिटर्न'साठी पुन्हा झालं. तुम्ही पैसे मोजता ते या आधीच्या, कच्च्या आवृत्त्यांचे.

त्याच १९८४ मध्ये जर्मनीच्या नॉइज रेकॉर्ड्सने 'डेथ मेटल' नावाची एलपी काढली. तिच्यावर हेलहॅमर, हेलोवीन, रनिंग वाइल्ड आणि डार्क अ‍ॅव्हेंजर असे चार बँड, प्रत्येकाची दोन गाणी. नावावर जाऊ नका, आज ज्याला डेथ मेटल म्हणतात ते यात नाही. ब्लॅक मेटलवाल्यांना ती हेलहॅमरच्या 'रेव्हेलेशन्स ऑफ डूम' आणि 'मेसाया'साठी हवी असते. पण तीच हेलोवीनचीही पहिली रेकॉर्ड आहे, त्यामुळे पॉवर मेटलवालेही तिच्यावर टपलेले असतात. दोन वेगवेगळे कळप एकाच पाणवठ्यावर आले की भाव चढणारच. कॉम्पिलेशनचा भाव बघताना ही गोष्ट कायम ध्यानात ठेवा: तुम्ही ज्या गाण्यासाठी घेताय त्यासाठी पैसे देताय, की दुसऱ्याच्या आवडत्या बँडसाठी?

ब्राझीलची 'वॉरफेअर नॉइज' (१९८६) बेलो होरिझोन्तेच्या कोगुमेलो या दुकानवजा लेबलची. चाकाल, म्युटिलेटर, सार्कोफागो आणि होलोकाउस्टो हे चार बँड. सार्कोफागोची यावरची गाणी १९८७ च्या 'आय.एन.आर.आय.'च्या आधीची. मूळ प्रतींचं कव्हर बहुधा दमट हवा खाल्लेलं, कडा पिवळ्या. ते स्वाभाविक आहे. ब्राझीलहून आलेली आणि कव्हर मात्र कालच छापलेलं दिसतंय, तर उलट जास्त चौकशी करा.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची: 'प्रोजेक्शन्स ऑफ अ स्टेन्ड माइंड', स्वीडनचं सीबीआर लेबल, १९९१. बहुतेक बँड स्वीडिश डेथ मेटलचे, पण नॉर्वेच्या मेहेमचं 'द फ्रीझिंग मून' यात आहे आणि गायक आहे 'डेड' या टोपणनावाचा. डेड एप्रिल १९९१ मध्ये गेला. १९९४ च्या 'डे मिस्टेरिस डोम सथानास'वर हेच गाणं अटिला चिहारच्या आवाजात आहे. मेहेमबरोबर स्टुडिओत गायलेला डेड फार थोडा मिळतो, म्हणून या रेकॉर्डीला एवढी ओढ.

नव्वदच्या दशकात चित्र बदललं. कॉम्पिलेशन आणि ट्रिब्यूट यांचा पूर आला, पण तो मुख्यतः सीडीवर. नेक्रोपोलिसची 'नॉर्डिक मेटल: अ ट्रिब्यूट टू युरोनिमस' (१९९५) किंवा मूनफॉगची आठ नॉर्वेजियन बँडांची 'डार्कथ्रोन होली डार्कथ्रोन' (१९९८) ही त्या काळातली ठळक नावं. या पिढीतल्या कोणत्याही कॉम्पिलेशनची एलपी समोर आली की पहिला प्रश्न हाच: लेबलने हे त्या वर्षी विनाइलवर काढलं होतं, की नंतर कोणीतरी सीडीवरून दाबून घेतलंय? डिस्कॉग्सवर (रेकॉर्डींच्या नोंदी आणि खरेदी-विक्रीची वेबसाइट) त्या नावाखालच्या सगळ्या आवृत्त्या वर्षानुसार लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

एकाच बँडची जुनी डेमो किंवा विखुरलेली गाणी गोळा केलेली कॉम्पिलेशन वेगळी, म्हणजे बाथरीची 'ज्युबिलियम' मालिका (पहिला भाग १९९२) किंवा डार्कथ्रोनची 'फ्रॉस्टलँड टेप्स' (२००८). महिन्याला तीन हजारांच्या बजेटला सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. अधिकृत रीइश्यू, म्हणजे लेबलने पुन्हा काढलेली आवृत्ती घ्या, कान तयार करा, प्लेयर नीट लावायला शिका. वरच्या चारांपैकी एकीसाठी पाच-सहा महिने पैसे साठवा. शंभर प्रतींची रंगीत, हाताने नंबर घातलेली नवी आवृत्ती 'दुर्मिळ' म्हणून विकतात तिच्या नादी लागू नका. तो तुटवडा मुद्दाम केलेला असतो आणि वर्षभरात भाव बऱ्याचदा खाली येतो.

आता नकली माल. इथे घाई करणारा हमखास फसतो. बाथरीच्या पहिल्या अल्बमचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं: पहिल्या हजार प्रतींवरचा बकरा पिवळा छापला गेला, पुढच्यांवर पांढरा. पिवळ्याला अवाच्या सवा भाव, म्हणून पिवळ्या बकऱ्याच्या नकली प्रती ढिगाने फिरतात. (आपल्याकडे बकरा म्हटलं की लोकांना शिंगं नाही, रस्सा आठवतो. कव्हर घरात दर्शनी ठेवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.)

पहिली तपासणी डेड वॅक्सची. शेवटचं गाणं संपतं आणि कागदी लेबल सुरू होतं, त्यांच्यामधली गुळगुळीत काळी पट्टी म्हणजे डेड वॅक्स. रेकॉर्ड कडेला धरून खिडकीपासून दूर न्या, मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरून त्या पट्टीवर पाडा आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवा. सरळ वरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. तिरक्या उजेडात कोरलेली अक्षरं चमकून वर येतात: कॅटलॉग नंबर, बाजू ए किंवा बी, कधी कापणाऱ्या इंजिनिअरची आद्याक्षरं, कधी कारखान्याची खूण. यातलं काय हाताने खरवडलंय आणि काय यंत्राने ठोकलंय हे वेगळं लिहा. मधली रेघ, टिंब, खोडून पुन्हा लिहिलेला आकडा, सगळं जसंच्या तसं उतरवा. मग डिस्कॉग्सवरच्या त्याच आवृत्तीच्या नोंदीशी अक्षर-अक्षर ताडून पहा. 'जवळपास तेच' म्हणजे ते नव्हे. चेक प्रजासत्ताकातल्या जीझेड कारखान्याच्या अलीकडच्या रेकॉर्डींवर पाच-सहा अंकी आकडा, त्याला चिकटून 'ई १', मग तिरकी रेघ आणि 'ए' किंवा 'बी' अशी धाटणी असते. १९८४ ची जर्मन किंवा स्वीडिश मूळ प्रत म्हणून विकायला ठेवलेल्या रेकॉर्डीवर ही धाटणी दिसली की पुढचं काही बघायची गरज नाही. ती रीइश्यू असेल, बूटलेग (परवानगीशिवाय छापलेली) असेल, पण १९८४ ची नाही.

दुसरी तपासणी छपाईची, आणि त्यासाठी सोनाराकडचं दहापट भिंग पुरतं. मूळ कव्हरवर चित्र ठिपक्यांचं असतं, पण बारीक अक्षरं ठिपक्यांची नसतात. ती सलग शाईची, कडा धारदार. नकली कव्हर म्हणजे मूळ कव्हरचा स्कॅन. त्यात अक्षरंही चित्राबरोबर ठिपक्यांत फुटतात. मागच्या बाजूचा सगळ्यांत लहान मजकूर, पत्ता किंवा कॉपीराइटची ओळ, भिंगाखाली घ्या. अक्षराची कड रांगोळीच्या ठिपक्यांसारखी तुटक दिसली की समजा. विकणारा दूर असेल तर त्याच ओळीचा अगदी जवळून फोटो मागवा. खरा विकणारा पाठवतो. टाळाटाळ झाली तर सौदा सोडून द्या.

तिसरी गोष्ट लेबलवरच्या खुणांची. स्कॅन्डिनेव्हियन रेकॉर्डीवर गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेची चौकट असते: 'स्टिम' हे नाव, किंवा एन, वर्तुळातला सी आणि बी अशी तीन अक्षरं. जर्मन रेकॉर्डीवर गेमा या तिथल्या संस्थेचं नाव. ब्राझीलच्या त्या काळातल्या कव्हरवर 'दिस्को ए कुल्तुरा' हे वाक्य आणि कंपनीचा सीजीसी (तिथला करनोंदणी) क्रमांक सापडतो. नकली छापणारे हे कधी गाळतात, कधी अस्पष्ट उमटवतात. ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या लहान युरोपीय लेबलांच्या कव्हरवर बारकोड सहसा नसतो. वेबसाइटचा पत्ता तर नसतोच, तरी तसली '१९८४ ची मूळ प्रत' विकायला ठेवणारे महाभाग भेटतात.

वजनही करून बघा. ऐंशीच्या दशकातली साधी एलपी साधारण ११० ते १४० ग्रॅम भरते. १८० ग्रॅमची जाड रेकॉर्ड ही अलीकडची पद्धत. विकणाऱ्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर नुसती रेकॉर्ड ठेवून फोटो काढायला सांगितलं तर यात काही अपमान नाही.

प्रेसिंगमधले फरक मेटल कॉम्पिलेशनमध्ये कसे असतात याचा नमुना म्हणून 'मेटल मॅसॅकर'चा पहिला भाग (१९८२) लक्षात ठेवा. पहिल्या छपाईत मेटॅलिकाच्या नावात एक 'टी' जास्त पडलाय, आणि रॅट या बँडचं गाणं सुरुवातीच्या छपाईत आहे, नंतरच्यांत नाही. म्हणजे कव्हर सारखंच दिसलं तरी गाण्यांची यादी वेगळी असू शकते. कॉम्पिलेशनमध्ये बँड बाहेर पडतात, गाणी बदलतात, म्हणून मागच्या बाजूची यादी आणि रेकॉर्डच्या लेबलवरची यादी दोन्ही वाचा.

दर्जाच्या अक्षरांचं थोडक्यात. बहुतेक जण गोल्डमाइन या अमेरिकी मासिकाची पद्धत वापरतात: नियर मिंट म्हणजे जवळजवळ नवी, त्याखाली व्हीजी प्लस, मग व्हीजी. त्या हिशेबात व्हीजी प्लसची किंमत नियर मिंटच्या साधारण निम्मी, व्हीजीची पाव. आपल्या संगीताला व्हीजी प्लस पुरे. पण दर्जा नुसता डोळ्यांनी ठरवलाय की वाजवून, हे विचारा. दुसरं, आतला कागद, पोस्टर, गीतांचं पान आहे का ते लेखी घ्या. कॉम्पिलेशनमध्ये बँडांची माहिती असलेलं पान फार वेळा हरवलेलं असतं, आणि ते नसेल तर भाव चांगलाच पडतो. कव्हरचा कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं असेल तर तो शिल्लक माल म्हणून काढलेला. रेकॉर्ड त्याने वाईट होत नाही, भाव मात्र कमी मागा.

भाव ठरवताना डिस्कॉग्सवर आत्ता मागितला जाणारा दर बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या प्रतींचा मधला दर बघा. बूटलेग म्हणून नोंदलेल्या आवृत्त्या तिथे विकायला बंद आहेत, म्हणून त्या लिलावाच्या साइटवर आणि समाजमाध्यमांवरच्या गटांत येतात. तिथे खरेदी करायची असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या दुप्पट काळजीने. आणखी एक सांगून ठेवतो: या संगीताच्या एका कोपऱ्यात नाझी विचारांचे बँड आहेत आणि कॉम्पिलेशनमध्ये ते सहज मिसळलेले असतात. बँडांची यादी नावानिशी शोधून मगच पैसे द्या. नंतर कळलं की तीच रेकॉर्ड विकायलाही लाज वाटते.

पैसे देताना पेपल वापरा आणि 'वस्तू व सेवा' हाच प्रकार निवडा. तक्रार करायला १८० दिवस मिळतात. 'मित्र आणि कुटुंब' म्हणून पाठवा, दोन डॉलर वाचतील, असं विकणारा म्हणाला तर संरक्षणही जातं. जिल्हा बँकेचं किंवा ग्रामीण बँकेचं कार्ड बऱ्याचदा परदेशी व्यवहाराला चालत नाही. जे कार्ड चालतं त्यातही अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावा लागतो. काम झालं की बंद करा.

टपालखर्च बऱ्याचदा रेकॉर्डीएवढाच होतो, म्हणून एकाच विकणाऱ्याकडून तीन-चार एकदम घ्या. लहान पाकिटाची टपालाची मर्यादा २ किलोची. पॅकिंगसह एक एलपी अर्धा किलोच्या आसपास जाते, पण पुढच्या प्रत्येकीला पॅकिंगचं वजन कमी लागतं. पॅकिंगबद्दल स्पष्ट लिहा: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या पिशवीत, कव्हरच्या मागे ठेवायची. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या नळ्या एकमेकींना आडव्या. रेकॉर्ड कव्हरच्या आत ठेवून पाठवली तर प्रवासात तिची कड कव्हरची शिवण आतून फाडते. जुन्या कव्हरचं सगळ्यांत जास्त नुकसान याच कारणाने होतं.

कस्टम शुल्क रेकॉर्डीची किंमत, टपालखर्च आणि विमा या बेरजेवर लागतं. दर बजेटागणिक बदलतात, ऑर्डर द्यायच्या आठवड्यात चालू दर बघून घ्या आणि तो खर्च किमतीत धरूनच बोली लावा. आधार किंवा पॅनची प्रत मागितली जाते, मोबाइलमध्ये तयार ठेवा. 'गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा' असं विकणाऱ्याला सांगू नका. पार्सल फुटलं तर भरपाई त्या कमी किमतीचीच मिळेल, आणि पकडलं तर दंड वेगळा. मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या मेटल मंडळींकडून घेतलेल्या रेकॉर्डीला हे काही लागत नाही, तेव्हा तिकडची देवाणघेवाण आधी बघा. जर्मनीत नोकरीला गेलेला गावचा पोरगा दिवाळीला येणार असेल तर त्याच्यासारखा कुरिअर नाही, फक्त रेकॉर्ड हातातल्या बॅगेत आणायला सांगा.

पत्ता गावाचा देण्यापेक्षा तालुक्याचा द्या. गावच्या शाखा डाकघरातून एलपीचं चौकोनी पार्सल दुपारच्या उन्हात मोटारसायकलवर बांधून येतं, आणि खाजगी कुरिअर तर गावापर्यंत येतच नाही. तालुक्याच्या ठिकाणी ओळखीचं कृषी केंद्र किंवा मेडिकल असेल तर त्यांचा पत्ता, तुमचं नाव आणि तुमचा मोबाइल नंबर. आणायला सकाळी जा. घरी आणल्यावर लगेच उघडू नका, सावलीत सपाट जागी चार तास ठेवा. उघडताना पार्सलच्या चिकटपट्टीपासून डेड वॅक्सपर्यंत एका सलग व्हिडिओत घ्या. वाद झाला तर तोच पुरावा.

घरात ठेवायच्या जागेबद्दल. जुनं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं घर असेल तर रेकॉर्डी तिथेच ठेवा. नव्या स्लॅबच्या खोलीपेक्षा ते कितीतरी बरं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो, त्यामुळे भिंतीतल्या वरच्या फळीवर रात्रीही गरमच असतं. स्लॅबच्या घरात पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत टाळा, खालचा कप्पा घ्या, पण जमिनीपासून वीतभर वर. कारण खाली उधई. लाकडी कपाट भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवा आणि महिन्यातून एकदा मागे बॅटरी मारून मातीची रेघ दिसते का बघा. कव्हर म्हणजे पुठ्ठा, उधईला आवडता खुराक. लोखंडी कपाट उधईला चांगलं, पण ते उन्हाच्या भिंतीला लागून असेल तर भट्टी होते.

रेकॉर्डी उभ्याच, काटकोनात, ना घट्ट ना सैल. शंभर एलपी २५-३० किलो भरतात, प्लायची पातळ फळी वर्षभरात मध्ये वाकते आणि तिच्याबरोबर रेकॉर्डीही कलतात. दर ३० सेंटिमीटरवर उभा आधार द्या.

आणि कूलर. आपल्याकडे एप्रिल ते जून कूलरशिवाय घर नाही, आणि रेकॉर्डीच्या कव्हरचा खरा शत्रू तोच. कूलरची हवा दमट असते. त्याच्या झोतात ठेवलेली कव्हर दोन महिन्यांत लहरी होतात, आणि पावसाळा लागला की त्याच ओलसर पुठ्ठ्यावर बुरशीचे करडे ठिपके येतात. कूलरच्या खोलीत रेकॉर्डी ठेवायच्याच असतील तर बंद कपाटात, झोताच्या विरुद्ध कोपऱ्यात, आणि आत सिलिका जेलच्या पिशव्या. डांबरगोळ्या नकोत, तो वास पुठ्ठ्यातून कधीच जात नाही.

बाहेरच्या पिशव्या पॉलिप्रोपिलीनच्या घ्या, आतल्या पॉलिथिलीनच्या. मऊ, तेलकट लागणारी पीव्हीसीची पिशवी जुन्या रेकॉर्डीसोबत आली तर त्याच दिवशी फेकून द्या. तिच्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाळ्यात बाहेर पडतं आणि रेकॉर्डीवर दुधाळ डाग धरतं. तो डाग धुऊन जात नाही. चित्र छापलेल्या रेकॉर्डी बऱ्याचदा अशाच पिशवीत येतात.

धुण्यासाठी बोअरचं पाणी अजिबात नको. क्षार खाचांत बसतो आणि वाळल्यावर कायमची चरचर लागते. ऑटो पार्ट्सच्या दुकानात बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं. नुसतं पाणी मागा, अ‍ॅसिड मिसळलेलं नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं. मेडिकलमधलं स्पिरिट घेऊ नका, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. प्रमाण: ८०० मिली पाणी, २०० मिली अल्कोहोल, भांडी धुण्याच्या साध्या द्रवाचे दोनच थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा, मग उभी ठेवून सावलीत वाळू द्या. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका. एकदा धुतलेली रेकॉर्ड नव्या पिशवीतच जाते, जुन्या मळक्या पिशवीत परत घातली तर श्रम वाया. कापूस आणि तुरीच्या हंगामात जिनिंग जवळ असेल तर खिडक्या बंद असतानाच वाजवा. ते तंतू सुईच्या टोकावर गोळा होतात आणि आवाज फाटतो.

प्लेयर सूटकेसमधला असेल तर या रेकॉर्डी त्यावर लावू नका. त्याची सुई ५ ग्रॅमच्या आसपास दाबते. मागचं वजन फिरवून दाब ठरवता येतो असा प्लेयर हवा. उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई सुईला २ ग्रॅम लागतात. सुईचा दाब काट्याने मोजा, मागच्या वजनावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. घरात इन्व्हर्टर साधा, चौकोनी लहरीचा असेल तर लाइट गेल्यावर रेकॉर्ड लावू नका, घरघर ऐकू येते. लाइट असतानाही गुणगुण आली तर आधी अर्थिंग बघा, मग सुईला दोष द्या.

आता या संगीताची खास अडचण. रेकॉर्डिंगच इतकं कच्चं असतं की झिजलेली रेकॉर्ड आणि मूळची खरखर यांत फरक कळत नाही. कॉम्पिलेशनमध्ये मात्र तो ओळखायला सोपा. प्रत्येक बँडची टेप वेगळी, म्हणून प्रत्येकाची फुस्स वेगळी. ती गाण्याबरोबर सुरू होते आणि गाण्याबरोबर थांबते. दोन गाण्यांमधल्या शांत पट्टीत कान लावा. तिथेही चरचर चालू असेल तर ती रेकॉर्डची, धुऊन बघा. तिथे शांत आणि गिटार-झांजा चढल्या की एकाच बाजूचा स्पीकर फाटत असेल, तर खाच झिजली आहे, त्याला उपाय नाही. आतल्या गाण्यांना थोडी सूट द्या. सुरुवातीला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला जागा निम्म्याहून कमी, त्यामुळे बाजूच्या शेवटच्या बँडच्या झांजा थोड्या चिरकणारच. कॉम्पिलेशन घेताना तुमचं गाणं बाजूच्या सुरुवातीला आहे की शेवटी हेही म्हणून बघायचं. शेवटी असेल तर व्हीजी दर्जाची प्रत घेऊ नका.

एवढं सगळं करूनही एखादी रेकॉर्ड वाकून येईल. उन्हात काचेखाली ठेवायचा सल्ला गावोगाव ऐकायला मिळतो, त्याने खाचाच वितळतात. फ्रेमवाल्याकडून ८ मिलीमीटर जाडीच्या ३५ बाय ३५ सेंटिमीटरच्या दोन काचा कापून घ्या, पुसून कोरड्या करा, रेकॉर्ड मध्ये ठेवा, वर चार-पाच किलो वजन, आणि मे महिन्यात घरातल्याच सावलीच्या खोलीत तीन आठवडे विसरून जा. खोलीतले ४० अंश पुरेसे असतात. बशीसारखा एकसारखा बाक यात बऱ्यापैकी उतरतो. कडेला एकाच जागी चिमटा काढल्यासारखा उंचवटा असेल तर काचेने तो जात नाही. तसली रेकॉर्ड आली की व्हिडिओ विकणाऱ्याला पाठवा आणि पैसे परत मागा.